बिलातला ए झोन आधी बघा

२०२५ च्या सुरुवातीला महावितरणच्या वीजदर प्रस्तावाची जाहीर सूचना निघाली, तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चहाच्या टपऱ्यांवर एकच विषय होता: उद्योगाचे दर उतरणार म्हणे! मी टॉवेलचा कारखाना चालवतो. बातमीतला दर सरासरीचा असतो, बिल मात्र ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे येतं.

बिलावर ए, बी, सी, डी असे रकाने असतात, तिकडे कुणी फारसं बघत नाही. रात्री १० ते सकाळी ६ हा ए झोन असायचा. वर्षानुवर्षं त्यात युनिटमागे दीड रुपया सूट होती आणि त्या हिशोबावर आपल्याकडच्या कितीतरी रात्रपाळ्या चालायच्या. नव्या रचनेत ती सूट गेली. सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५, म्हणजे सौरऊर्जेच्या वेळेत. ५ ते रात्री १२ जादा आकार. मग माग दिवसा चालवा, असं सांगणारे भेटतात. मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याखाली मागावर उभं राहून बघा म्हणावं! शिवाय ज्याचे माग चोवीस तास फिरतात, त्यानं हलवायचं काय?

या प्रस्तावावर वीज नियामक आयोगाकडे आमच्याकडून हरकती गेल्या, नाही असं नाही. पण बहुतेक झेरॉक्सच्या. मजकूर एकच, ‘दरवाढ रद्द करावी’, खाली सही. अशी शंभर पत्रं एका पत्राएवढीच. आकडे द्या. वर्षभराची बिलं काढून युनिटं नव्या वेळांत बसवा. मेख १० ते १२ मध्ये आहे: हे दोन तास ए झोनमधून निघून जादा आकारात गेले आणि बिलावरून ते वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी मीटरचा लोड सर्व्हे, म्हणजे वेळेनुसार वापराची नोंद, लागतो. जाहीर सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचं असेल तर तसं हरकतीतच लिहा.

आदेश निघाला म्हणून फाइल बांधून ठेवू नका. आयोगाचा आदेश २८ मार्चला आला, २ एप्रिलला त्यालाच स्थगिती मिळाली आणि महावितरणच्या फेरविचार याचिकेवर २५ जूनला दुसरा आदेश निघून १ जुलैपासून नवे दर लागले. जाहीर सुनावणी झाली होती ती मार्चच्या आदेशाआधी.

लोड सर्व्हेचा अर्ज आत्ताच देऊन ठेवा. पुढची सूचना निघाल्यावर धावपळ केली, तर हरकतीची मुदत पुरत नाही.