ध्वनीचा प्रामाणिक वाहक : घरगुती मीडिया प्लेअरची निवड

विजापूरच्या गोलघुमटात ज्यांनी एकदा टाळी वाजविली आहे, त्यांस सभोवतालचा ध्वनी म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वरच्या सज्जात वाजविलेली एकच टाळी पुनःपुन्हा कानी येते, आणि भिंतीशी केलेली कुजबुज समोरच्या बाजूस उभ्या असलेल्या सोबत्यास स्पष्ट ऐकू जाते. डोळे समोरचेच पाहतात. कान मात्र चहूंकडचे ऐकतात. हे ध्यानात घेऊनच प्रथम चित्रपटगृहांत व पुढे घरांतही प्रेक्षकाच्या सभोवती स्पीकर मांडण्याची पद्धत रूढ झाली. तिलाच सराउंड ध्वनी म्हणतात. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाने अशा ध्वनीसाठी मीडिया प्लेअर घ्यावयाचे ठरविले, तर तो कोणत्या कसोटीवर पारखावा, ह्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. वस्तू घरातल्या करमणुकीची असली तरी तिच्या निवडीत पदार्थविज्ञानाचा आणि गणिताचा चांगलाच पाठ दडलेला आहे.

प्रथम कानांकडे वळू. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो व डाव्या कानात किंचित उशिरा. हे अंतर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. तथापि तेवढ्यावरून आणि दोन्ही कानांतील आवाजाच्या लहानमोठेपणावरून आपला मेंदू दिशा ओळखतो. इंग्लंडमधील अभियंता अॅलन ब्लमलाइन ह्याने १९३१ साली द्विमार्गी, म्हणजे स्टीरिओ, ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो ह्याच तत्त्वावर. १९४० साली वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेसिया’ ह्या चित्रपटासाठी काही निवडक चित्रपटगृहांत अनेकमार्गी ध्वनीची खास योजना झाली. पुढे ह्या क्षेत्रात नावाजलेले रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ ह्या काळात संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात होते. येथून परतल्यावर १९६५ साली त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा स्थापिली. तिची डॉल्बी डिजिटल ही पद्धत १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ ह्या चित्रपटाबरोबर चित्रपटगृहांत आली.

खोक्यांवर ‘५.१’ असा आकडा छापलेला असतो. तो दशांश अपूर्णांक नव्हे. समोर डावा, मधला व उजवा, आणि बाजूस किंचित मागे डावा व उजवा, असे पाच पूर्ण ध्वनिमार्ग. त्यांच्या जोडीस केवळ खर्जाच्या आवाजांसाठी एक निराळा मार्ग, तो ‘.१’. ह्या सहाव्या मार्गाचा स्पीकर, म्हणजे सबवूफर, आकाराने मोठा असतो; परंतु सेकंदास ५० कंपनांच्या आवाजाची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असल्याने तो कोठून येतो हे कानास कळत नाही, व त्यास खोलीत सोयीच्या जागी ठेवता येते. मधल्या मार्गाचे महत्त्व मात्र विसरता कामा नये. चित्रपटातील बहुतेक संभाषण ह्याच मार्गाने येते.

आता थोडे गणित. डिजिटल पद्धतीत ध्वनीच्या लहरीची उंची सेकंदात हजारो वेळा मोजून आकड्यांत लिहितात. १९८२ साली विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ती सेकंदास ४४,१०० वेळा मोजली जाते व प्रत्येक मापास १६ बिट असतात. म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या. मनुष्यास ऐकू येणारी कंपने सेकंदास २० पासून २०,००० पर्यंत असल्याने, सर्वांत मोठ्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा माप घेतले की लहर पुन्हा पूर्ववत काढता येते. चित्रपटात सामान्यतः सेकंदास ४८,००० मापे घेतात. प्रत्येक माप २४ बिटांचे धरले, तर सहा मार्गांसाठी ४८,००० × २४ × ६ = ६९,१२,००० बिट दर सेकंदास लागतील. उलट डीव्हीडीवरील डॉल्बी डिजिटल ध्वनीस सेकंदाला जास्तीत जास्त ४,४८,००० बिट मिळत. मूळ ध्वनीच्या सुमारे पंधराव्या हिश्श्यात तो बसविलेला असे.

हे बसविणे दोन प्रकारचे असते. एक धड्याच्या सारांशासारखे. मुख्य मजकूर राहतो, गाळलेला मजकूर मात्र सारांशावरून परत लिहिता येत नाही. डॉल्बी डिजिटल ह्या वर्गातले आहे. इंटरनेटवरून चित्रपट दाखविणाऱ्या सेवाही बहुधा ह्याच वर्गातील पद्धती वापरतात. दुसरा प्रकार लघुलिपीसारखा. जागा कमी लागते, परंतु उलगडल्यावर मूळचे अक्षर न् अक्षर परत मिळते. २००६ सालापासून आलेल्या ब्लू-रे तबकड्यांवरील डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, तसेच संगीतासाठीचे फ्लॅक, हे दुसऱ्या प्रकारातले होत. उच्च दर्जाचा सराउंड ध्वनी म्हणतात तो मुख्यतः हाच.

येथे प्लेअरचे खरे काम कोणते, हा प्रश्न येतो. पुष्कळांची समजूत अशी की, महाग प्लेअर गोड आवाज निर्माण करतो. वस्तुतः तो पोस्टमनासारखा आहे. पत्र लिहिणारा निराळा आणि वाचणारा निराळा. पोस्टमनाने ते न फोडता, न गाळता घरपोच द्यावयाचे. प्लेअरने आकडे जसेच्या तसे रिसीव्हरकडे, म्हणजे ते उलगडून स्पीकरांस शक्ती पुरविणाऱ्या यंत्राकडे, पोचविले की त्याचे कर्तव्य संपले. स्वस्त प्लेअर व महाग प्लेअर दोघेही तेच आकडे बिनचूक देत असतील, तर ध्वनीत भेद पडण्यास कारणच उरत नाही. जास्त किमतीत उत्तम चित्र, टिकाऊपणा वा सोयी मिळतील. अधिक खरा ध्वनी मिळणार नाही. अल्प खर्चात उत्तम ध्वनी शक्य आहे तो ह्याच कारणाने.

परंतु पोस्टमन चांगला असूनही वाटेत पत्र हरवू शकते. आमच्या परिचयातील एका घरी अनेक महिन्यांच्या बचतीतून प्लेअर, रिसीव्हर व पाच स्पीकर आले. हौस अशी की, ऐकावयास कमी येऊ लागलेल्या आजींनाही चित्रपटाचा आनंद घेता यावा. पण आजींना संभाषण काही कळेना. आवाज वाढविला की संगीत अंगावर येई आणि बोलणे तसेच अस्पष्ट राही. ‘मला कशाला आता हे,’ असे म्हणून त्या उठून आत जाऊ लागल्या. घरच्यांस वाटले, स्वस्त घेतल्याची ही शिक्षा. आम्ही पाहिले, तर प्लेअरची तार टीव्हीला होती आणि टीव्हीकडून रिसीव्हरकडे ऑप्टिकल तार होती. शिवाय प्लेअरमधील मांडणी दोनच मार्गांची होती. मधला स्पीकर विकत आणल्या दिवसापासून मुका होता! प्लेअर थेट रिसीव्हरला जोडला, मांडणी बदलली, मधल्या स्पीकरची पातळी थोडी चढविली. एक रुपयाही खर्च न होता आजी त्या सायंकाळी शेवटपर्यंत बसून राहिल्या. त्या घरात पैसा कमी पडला नव्हता. चार प्रश्न विचारावयाचे राहिले होते. ते असे :

पहिला प्रश्न : आपण ऐकणार काय? केवळ सशुल्क सेवांवरील चित्रपट पाहावयाचे असतील, तर त्या सेवांनी मान्य केलेले लहानसे स्ट्रीमिंग यंत्र पुरे. तबकड्या असतील तर ब्लू-रे प्लेअरच हवा. स्वतःजवळच्या फाइली, घरगुती चित्रणे व विकत घेतलेले संगीत असेल, तर फाइली वाजविणारा प्लेअर हवा.

दुसरा प्रश्न : प्लेअर बिटस्ट्रीम, म्हणजे न उलगडलेला ध्वनी, तसाच बाहेर देतो काय? त्यातही ट्रूएचडी व डीटीएस-एचडी ही नावे स्पष्ट विचारावीत. ‘डॉल्बी आहे’ एवढ्या उत्तराने समाधान मानू नये. कारण डॉल्बीच्या पद्धती अनेक आहेत. प्लेअर स्वतःच ध्वनी उलगडून सर्व मार्ग एचडीएमआय तारेतून देत असेल, तर पाच किंवा सात स्पीकरांच्या घरास तेही चालेल.

तिसरा प्रश्न : तार कोणती? ऑप्टिकल तारेतून दोन मार्गांचा मूळ ध्वनी किंवा ५.१ चा सारांशरूप ध्वनीच जातो. लघुलिपीचा प्रकार तीत मावत नाही. एचडीएमआय तारेतून तो जातो. म्हणून प्लेअर आधी रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला जोडावा. टीव्हीमार्गेच न्यावयाचे झाल्यास टीव्ही व रिसीव्हर दोहोंवर ई-आर्क ही सोय हवी, आणि टीव्ही तो ध्वनी पुढे पाठवितो की नाही हेही पाहावे.

चौथा प्रश्न : रिसीव्हर व स्पीकर किती? २०१२ साली आलेल्या डॉल्बी अॅटमॉसमध्ये डोक्यावरून येणाऱ्या आवाजाचीही योजना आहे. पण घरात पाचच स्पीकर असतील तर त्यासाठी जास्त दाम मोजण्यात अर्थ नाही. मोठमोठ्या आकड्यांचेही तसेच. २४ बिटांनी तत्त्वतः सुमारे १४४ डेसिबलांचा पल्ला साधतो. परंतु शांत खोलीतही ३० डेसिबलांच्या आसपास आवाज असतोच. एवढा पल्ला घरात कोणी ऐकत नाही.

अल्पखर्ची निवडीचे एक उदाहरण घेऊ. शाळकरी मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे ह्या हेतूने केंब्रिजच्या रास्पबेरी पाय प्रतिष्ठानाने बँकेच्या कार्डाएवढा एक संगणक तयार केला. २०१२ साली तो ३५ डॉलरांस विक्रीस आला. त्याच्या २०१९ सालच्या चौथ्या आवृत्तीवर लिब्रइलेक ही विनामूल्य प्रणाली घातली, की कोडी नावाचा प्लेअर सुरू होतो आणि ट्रूएचडी व डीटीएस-एचडी हे दोन्ही ध्वनी न उलगडता रिसीव्हरकडे जाऊ शकतात. टीव्हीच्या रिमोटनेही तो बहुधा चालविता येतो. मात्र हिशेब पुरा करावा : मेमरी कार्ड, विजेचा अडॅप्टर, डबी आणि लहान तोंडाची एचडीएमआय तार ह्यांचा खर्च वेगळा पडतो. तबकडीची सोय त्यात नाही. सशुल्क सेवाही अशा यंत्रावर उच्च दर्जाचे चित्र सहसा देत नाहीत. ज्या घरात मूल स्वतः जोडणी करून शिकू इच्छिते, तेथे ह्यासारखा पाठ नाही; ज्यांना केवळ बटण दाबून पाहावयाचे आहे, त्यांनी तयार यंत्रच घ्यावे.

प्लेअरमध्ये वाचलेला पैसा स्पीकरांकडे वळवावा. कारण आकड्यांचे पुन्हा हवेच्या कंपनांत रूपांतर तेथे होते, आणि किमतीचा खरा फरक कानास तेथेच जाणवतो. त्यांची मांडणी तर फुकटच आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे, ऐकणाऱ्याच्या जागेवरून मधला स्पीकर नाकासमोर, डावा-उजवा त्यापासून ३० अंशांवर, व बाजूचे १०० ते १२० अंशांवर असावेत. कंपासपेटीतील कोनमापक, दोरी व खडू एवढ्यावर हे काम होते. एखादा स्पीकर इतरांहून एक मीटर जवळ असेल, तर त्याचा ध्वनी सुमारे तीन मिलिसेकंद आधी पोचतो. रिसीव्हरमध्ये अंतरे नोंदविली की हा दोष भरून निघतो.

खोलीचाही विचार करावा. उघडी फरशी आणि मोकळ्या भिंती असलेला दिवाणखाना म्हणजे धाकटा गोलघुमटच. तेथे टाळी शोभते, संभाषण शोभत नाही. जमिनीवर सतरंजी, खिडकीस जाड पडदा आणि भिंतीशी पुस्तकांचे कपाट, एवढ्याने प्रतिध्वनी पुष्कळ आवरतो.

शेवटी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. जे मुळात ध्वनिमुद्रित झालेच नाही, ते कोणताही प्लेअर देऊ शकत नाही. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ एकमार्गी ध्वनीचा आहे. तो पाच स्पीकरांवर पसरविण्याची आवश्यकता नाही. एकट्या मधल्या स्पीकरवरून तो नीट ऐकू आला म्हणजे झाले.

विद्यार्थिमित्रांनो, घरात अशी खरेदी निघाली की वडीलधारी मंडळी बहुधा तुमच्याकडेच पाहतात. कारण नवी अक्षरे तुम्हांस वाचता येतात. तेव्हा खोक्यावरील आकड्यांनी दिपून न जाता वरील चार प्रश्न वहीत लिहून दुकानात न्यावेत. शक्य असेल तर परिचित चित्रपटाचा तुकडा पेनड्राइव्हमध्ये घेऊन जावा, तो तेथेच लावण्यास सांगावा आणि रिसीव्हरच्या पट्टीवर कोणत्या ध्वनीचे नाव उमटते ते पाहावे. ट्रूएचडीचा तुकडा लावला असता तेच नाव दिसले, तर प्लेअर आपले काम चोख करीत आहे असे समजावे. मग घरी येऊन तारा जोडाव्यात, कोन मोजावेत आणि घरात ज्यांना सर्वांत कमी ऐकू येते त्यांना मधल्या आसनावर बसवून विचारावे, ‘बोलणे कळते ना?’ त्यांनी होकार दिला की निवड योग्य झाली.