जीमेलचं लेबल डिलीट करताय? आधी हे वाचा

दुकान उमापुरात असलं तरी जीएसटीच्या नोटिसा आणि होलसेलरची बिलं आता ईमेलवरच येतात. म्हणून 'जीएसटी', 'खरेदी', 'बँक' अशी तीन लेबलं करा.

नको असलेल्या लेबलशेजारचे तीन ठिपके दाबून 'रिमूव्ह लेबल' केलं, तर फक्त लेबल जातं. मेल 'ऑल मेल'मध्ये राहतात. पण आतले मेलच डिलीट केले, तर ते ट्रॅशमध्ये जातात आणि 30 दिवसांनी कायमचे पुसले जातात. आउटलुकमध्ये मात्र फोल्डरसोबत मेलही जातात.

जीएसटी नंबर असेल, तर बिलं आणि हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. त्यामुळे फुकटची 15 जीबी जागा भरत आली की आधी जाहिरातींचे मेल काढा. बिलांना हात लावू नका!