वाळवंटात जॅकेट का काढू नये?

समजा, तुम्ही मोटरसायकलवर एकट्याने जगप्रदक्षिणेला निघाला आहात. टेड सायमन १९७३ साली निघाले होते, तसे. सुदानच्या वाळवंटात हवा ४५ अंश सेल्सिअस आहे. जॅकेट काढावंसं वाटतंय? थांबा!

त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम असली की वारा शरीरातली उष्णता नेत नाही, उलट देतो. मग शरीर थंड होतं ते फक्त घामाच्या बाष्पीभवनाने. पण उघड्या अंगावर घाम झपाट्याने वाळतो आणि पाणी संपत जातं. म्हणून बनियन भिजवा, वरून जॅकेट घाला आणि पाणी पीत राहा.

उष्माघातात बुद्धीही गोंधळते. सोबत्याच्या ते लक्षात येतं, एकट्याला कळत नाही. म्हणून नियम आधीच ठरवा: बरं वाटत असलं तरी दर तासाला सावलीत थांबायचं.