मोटारीच्या भागाचे संगणकावरील आरेखन : एक धडा

बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळा व यंत्रशाळा यांवर ज्यांची भाकरी पिकली, अशा घरांतील मुले आज संगणकावर मोटारीच्या भागांचे आरेखन करू लागली आहेत. मुलगा म्हणतो, ‘बाबा, सगळे माप संगणकच काढतो.’ वडील म्हणतात, ‘बाळ, लोखंड पडद्यावर वाकत नाही.’ दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. ते कसे, हे एका उदाहरणाने पाहू.

अँबॅसिडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. अशा एखाद्या जुन्या गाडीतील डायनॅमो काढून तेथे आल्टर्नेटर बसवावयाचा, तर जुनी बैठक जुळतेच असे नाही. मग ५ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचा काटकोनी ब्रॅकेट करावा लागतो. समजा, त्याच्या दोन बाजू बाहेरून ६० व ४० मिलिमीटर हव्यात. तर सपाट पट्टी किती लांब कापावी? नवशिका चटकन १०० म्हणेल. तेथेच तो चुकतो.

पट्टी वाकताना बाहेरचा थर ताणतो, आतला दबतो. मधला एक थर मात्र लांबीने तसाच राहतो. आतील वळणाची त्रिज्या ५ मिलिमीटर आणि हा थर आतून जाडीच्या ४० टक्क्यांवर, म्हणजे २ मिलिमीटरवर धरला, तर त्याची त्रिज्या ७ होते. त्या वर्तुळाचा चौथा हिस्सा सुमारे ११ मिलिमीटर. दोन्ही बाजूंतून जाडी व त्रिज्या मिळून १०-१० वजा केले, की ५० व ३० उरतात. एकूण लांबी ९१! म्हणजे चूक ९ मिलिमीटरांची झाली असती.

हा हिशेब संगणक क्षणात करतो. शिवाय एक माप बदलले, की त्यावर अवलंबून असलेले सारे आरेखन आपोआप बदलते. फ्रीकॅडसारखा कार्यक्रम तर विनामूल्य मिळतो. परंतु ‘४० टक्के’ हा आकडा त्याला कोणी सांगावयाचा? तो लोखंडाच्या जातीप्रमाणे व वाकवण्याच्या साधनाप्रमाणे बदलतो. तो त्याच पट्टीचा एक तुकडा वाकवून, मोजूनच ठरवावा लागतो. तेथे वडिलांचा हात हवा.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम भोकांची अंतरे व्हर्नियरने दोनदा मोजावी. मग आरेखन करावे. ते मूळ मापात कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवावे व इंजिनाशी लावून पाहावे. दोन्ही पुली एका रेषेत येतात ना, हे तपासावे. नाही तर पट्टा तिरका धावून लवकर झिजेल. त्यानंतरच लेझर यंत्रावर कापावयास द्यावे.

आणि एक मर्यादा सर्वांनी पाळावी. ब्रेक व स्टिअरिंग यांचे भाग घरगुती आरेखनावरून कधीही करू नयेत. तेथे मापाची चूक पट्ट्यावर नव्हे, माणसाच्या जिवावर येते.

तरी मुलांनी संगणक अवश्य शिकावा. आणि वडीलधाऱ्यांनी एकदा त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसावे. आपल्या हातातील ज्ञान त्या आकड्यांत उतरले, तरच ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल.