व्हिडिओ अडखळतो, तेव्हा रॅम घेण्याआधी

व्हिडिओची फाइल साठवताना दाबून लहान केलेली असते. ती दाखवताना संगणकाला प्रत्येक फ्रेम पुन्हा उलगडावी लागते, यालाच डिकोडिंग म्हणतात. 4के चित्राच्या एका फ्रेममध्ये सुमारे 83 लाख पिक्सेल असतात; सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला जवळजवळ 50 कोटी. हा भार मुख्य प्रोसेसर सॉफ्टवेअरच्या जोरावर उचलतो, नाहीतर ग्राफिक्स चिपमध्ये याच कामासाठी कोरलेले सर्किट. सर्किटाला ते थोड्या विजेत जमते, पण त्याला येणारे फॉरमॅट चिप बनतानाच ठरलेले असतात. नंतर नवा शिकवता येत नाही.

गाडी अडते ती इथे. एच.264 हा फॉरमॅट 2003 चा, एचईव्हीसी 2013 चा, एव्ही1 2018 चा. इंटेलच्या तिसऱ्या पिढीतील कोअर प्रोसेसर (2012) पहिला सहज उलगडतात, एचईव्हीसीचे सर्किट मात्र त्यांच्यात नाही. ते सहाव्या पिढीत आले, 10-बिट (रंगांच्या अधिक छटांचे) एचईव्हीसी सातव्या पिढीत, आणि एव्ही1 थेट अकराव्या पिढीत.

कळंबोलीच्या सिडको वसाहतीतील एका घरी अशाच तिसऱ्या पिढीच्या सेकंडहँड आय5 संगणकावर फोनने काढलेले लग्नाचे 4के चित्रण लावले की आवाज पुढे जाई, चित्र मागे राही आणि पंखा घरघरू लागे. सल्ला मिळाला रॅम दुप्पट करण्याचा, मग एसएसडीचा. दोन्ही बसले. संगणक चटकन सुरू होऊ लागला, व्हिडिओ मात्र होता तसाच अडखळत राहिला. फाइल एचईव्हीसीची होती.

खर्चाआधीची तपासणी फुकट असते. मीडियाइन्फो हा प्रोग्रॅम फाइलचा फॉरमॅट आणि ती किती बिटची आहे ते सांगतो. व्हिडिओ चालू ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा ‘व्हिडिओ डिकोड’ आलेख पाहावा. तो शून्यावर आणि सीपीयू शंभरीला टेकलेला असेल, तर सगळे ओझे सॉफ्टवेअरवर आहे. चिप सक्षम असूनही असे दिसले, तर व्हीएलसी प्लेयरमधील किंवा ब्राउझरमधील हार्डवेअर ॲक्सेलरेशन (सर्किट वापरण्याची सोय) बंद असण्याची शक्यता असते, किंवा ड्रायव्हर जुना असतो.

हार्डवेअर डिकोडिंगने चित्र अधिक सुंदर होते, ही समजूत चुकीची आहे. एच.264 आणि एचईव्हीसी यांच्या मानकांनुसार दोन्ही वाटांनी निघणारी फ्रेम सारखीच असली पाहिजे. उलट 10-बिट एच.264 बहुतेक चिप्सना येत नाही. तिथे सॉफ्टवेअरच कामी येते. हार्डवेअरने चित्रावर हिरवे पट्टे उमटत असतील, तर तेवढ्यापुरते हार्डवेअर डिकोडिंग बंद करणे शहाणपणाचे.

जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड जोडताना किमतीपेक्षा चिपची पिढी पाहावी. एनव्हिडियाचे जीटी 710 एचईव्हीसी उलगडत नाही, जीटी 1030 उलगडते. लॅपटॉपला हा मार्ग नाही. तिथे हँडब्रेक या प्रोग्रॅमने फाइल 1080पी एच.264 मध्ये बदलून घ्यावी. वेळ लागतो, पण एकदाच. आयफोनच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडले, तर नेहमीचे चित्रण मुळातच एच.264 मध्ये होते. 4के 60 फ्रेमचे मात्र एचईव्हीसीतच.