सुट्टीतील कमाई आणि घरकुलाची उत्पन्नमर्यादा

महाविद्यालयात शिकणारी मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत चार पैसे मिळवू लागली की आईवडिलांना समाधान वाटते. मात्र त्याच वर्षी कुटुंबाला शासकीय योजनेतील घरासाठी अर्ज करावयाचा असेल, तर या कमाईचा हिशेब कसा मांडावा, असा प्रश्न उभा राहतो.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) जून २०१५ मध्ये सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून अमलात आला. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले व मुली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अल्प उत्पन्न गट ३ ते ६ लाखांचा, तर दुसऱ्या टप्प्यातील मध्यम उत्पन्न गट ६ ते ९ लाखांचा आहे. ही मर्यादा एका व्यक्तीच्या नव्हे, तर संपूर्ण कुटुंबाच्या उत्पन्नाची असते. आयकर कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने स्वतःच्या श्रमाने मिळविलेले उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळविले जात नाही. त्यामुळे घरकुलासाठीही ते धरावे लागत नाही, असा समज होतो. तो बरोबर नाही.

रायपूरचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंडरीच्या कापड बाजारात नोकरी करणाऱ्या गृहस्थांचा पगार दरमहा २३,५०० रुपये, म्हणजे वर्षाला २,८२,००० रुपये आहे. बी.कॉम.ला असलेल्या त्यांच्या मुलीने मे व जून महिन्यांत एका दुकानात दरमहा ७,००० रुपयांवर काम केले. तिची कमाई १४,००० रुपये झाली आणि कुटुंबाचे उत्पन्न २,९६,००० रुपये भरले. हे कुटुंब दुर्बल घटकातच राहते.

आता अर्ज भरताना कोणी तिच्या मासिक पगाराला बाराने गुणले, तर ८४,००० रुपये मिळविले जाऊन बेरीज ३,६६,००० रुपये होईल आणि पात्र कुटुंब अपात्र ठरेल. छत्तीसगडमध्ये दुर्बल घटकातील घरासाठी केंद्राचे साहाय्य दीड लाख रुपये आहे. एका चुकीच्या गुणाकाराची किंमत एवढी मोठी असू शकते. म्हणून ‘दरमहा किती?’ यासोबत ‘किती महिने?’ हेही विचारले पाहिजे.

याच मुलीच्या धाकट्या भावाने सुट्टीत ८,००० रुपये मिळविले, तर मात्र बेरीज ३,०४,००० रुपये होऊन मर्यादा खरोखरच ओलांडली जाते. अशा वेळी ही रक्कम लपविण्याचा मोह टाळावा, कारण अर्जदाराने दिलेले उत्पन्नाचे स्वयंघोषणापत्र पुढे तपासले जाऊ शकते. शिवाय सर्व दारे बंद होत नाहीत. अल्प उत्पन्न गटासाठी व्याज अनुदानाचा मार्ग खुला राहतो. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत व कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान मिळते. ते पाच वार्षिक हप्त्यांत, कमाल १.८० लाख रुपयांपर्यंत असते.

जुन्या नियमांवर विसंबू नये. मध्यम उत्पन्न गटासाठी २०१७ मध्ये आलेल्या व्याज अनुदान योजनेत कमावत्या सज्ञान सदस्यास स्वतंत्र कुटुंब मानण्याची तरतूद होती; ती योजना ३१ मार्च २०२१ रोजी संपली.

अमेरिकेतील अनुदानित घरांच्या नियमांत या प्रश्नाचा वेगळा विचार झालेला दिसतो. तेथे पूर्ण वेळ शिकणाऱ्या अवलंबित सज्ञान विद्यार्थ्याच्या कमाईपैकी अनेक वर्षे केवळ ४८० डॉलरच कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नात धरले जात. मुलांच्या कष्टामुळे घराचा आधार सुटू नये, हा त्यामागील विचार आपल्याकडेही विचारात घेण्याजोगा आहे.

तूर्त ग्राहकांनी मुलांची कमाई शक्यतो बँक खात्यात जमा करावी आणि कामाचे महिने नमूद असलेला दाखला मालकाकडून घ्यावा. हे दोन कागद हाती असले, की दोन महिन्यांची कमाई दोन महिन्यांचीच राहते.