वेळीच घेतलेली माघार

चैत्र-वैशाखात सह्याद्रीचे माथे उन्हाने तापून निघतात. सकाळी आकाश निरभ्र असते. ढगाचा कोठे मागमूसही नसतो. दुपार कलू लागली की मात्र क्षितिजावर पांढऱ्या ढगांचे मनोरे उभे राहतात. तापलेली बाष्पयुक्त हवा डोंगरउतारांवरून वेगाने वर चढते, उंचावर थंड होते आणि पाहता पाहता त्या शुभ्र मनोऱ्यांचा तळ काळाकुट्ट होतो. ही वळवाच्या पावसाची नांदी होय. तापलेल्या भूमीला हा पाऊस हवाहवासा वाटतो. पण त्याच वेळी जो डोंगरमाथ्यावर असतो, त्याच्या जिवावर बेतण्याचा प्रसंग येतो.

अशा ढगांत हिमकण आणि गारा एकमेकांवर आदळून विद्युद्भार निर्माण होतो. तो अतोनात साठला की वीज भूमीकडे झेपावते. तिच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते व स्फोटासारखी प्रसरण पावते. त्या प्रसरणाचा आवाज म्हणजेच मेघगर्जना. भूमीवर उतरताना वीज बहुधा उंच वस्तूच गाठते. एकाकी वृक्ष, कड्याचे टोक आणि उघड्या माथ्यावर उभा असलेला मनुष्य यांत ती भेदभाव करीत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आहे. त्याच्या अवघड कातळांवर चढण्यासाठी लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. एरवी त्या चढणाऱ्याला मोठाच आधार देतात. परंतु विजा कडाडत असताना हाच आधार घातक ठरू शकतो. लोखंड विजेला दुरून ओढून आणत नाही हे खरे. पण वीज पडलीच, तर ती लोखंडातून लांबवर धावते आणि त्याला हात लावलेल्या मनुष्यालाही गाठते.

पोलंड देशातील तात्रा पर्वतावर याचा दारुण प्रत्यय आला. तेथील ग्येवोंत नावाच्या शिखरावर सुमारे १५ मीटर उंचीचा पोलादी क्रूस असून चढणाऱ्यांसाठी वाटेवर साखळ्या लावलेल्या आहेत. २२ ऑगस्ट २०१९ रोजी अनेक प्रवासी तेथे असताना अकस्मात वादळ आले आणि क्रूसाच्या परिसरात वीज कोसळली. त्या दिवशीच्या वादळात पोलंडच्या हद्दीत चार जण मृत्युमुखी पडले. त्यांत दोन मुले होती. शंभरांहून अधिक माणसे जखमी झाली.

असा प्रसंग टाळण्याची तयारी घर सोडण्यापूर्वीच सुरू होते. वेधशाळेचा अंदाज पाहावा आणि वळवाच्या दिवसांत पहाटे निघून दुपारपूर्वी माथा सोडावा. प्रकाश तत्काळ दिसतो, तर ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद मोजले गेले, तर वीज दहा किलोमीटरांवर आहे असे समजावे. पुढची वीज तेवढे अंतर सहज ओलांडू शकते. तेव्हा गडगडाट ऐकू येताच माथा, सोंड आणि कड्याची धार सोडून खाली उतरू लागावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटेपर्यंत पुन्हा वर चढू नये.

भक्कम इमारत अथवा बंद मोटारगाडी हाच खरा आसरा. एकाकी झाड, पत्र्याची उघडी शेड किंवा उथळ कपार यांचा भरवसा धरू नये. कपारीच्या तोंडाशी वीज छतावरून खाली उडी घेऊ शकते. उतरणे अशक्यच झाले, तर सखल जागी पावले जुळवून उकिडवे बसावे. भूमीवर आडवे पडू नये. पडलेल्या विजेचा प्रवाह जमिनीतून पसरतो आणि पावलांत अंतर असल्यास एका पायातून दुसऱ्या पायात जातो. सोबत्यांनी परस्परांपासून दूर बसावे, म्हणजे एकाला इजा झाली तरी इतर मदतीला धावू शकतात.

वीज पडलेल्या मनुष्याच्या अंगात विद्युत राहत नाही. त्याला निःशंकपणे स्पर्श करावा. श्वास व हृदय बंद पडले असल्यास विनाविलंब छातीवर दाब व कृत्रिम श्वास द्यावा आणि ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागावी. तत्परतेने केलेल्या उपचाराने असे कित्येक जीव वाचतात.

शिखर हाताच्या अंतरावर दिसत असता परत फिरणे जिवावर येते. सोबती भित्रा म्हणतील, अशी शंकाही मनात डोकावते. परंतु शिर सलामत तर पगडी पचास! ढग ओसरतात, वादळ निवळते आणि शिखर आपल्या जागी अढळच राहते. वेळीच माघार घेणाऱ्याला त्याच वाटेने पुन्हा चढून जाता येते.